हिरवळीत पडलेले चट्टे कसे भरावेत?

प्रश्न: पहिलेच घर घेतले असून, त्यासोबत आलेल्या हिरवळीत मधोमध ताटाएवढे तीन-चार उघडे चट्टे पडले आहेत. रोज संध्याकाळी पाणी घालूनही तेथे गवत धरत नाही. माझे काय चुकत असावे?

उत्तर १: खत टाकण्याआधी तेथे स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. तो दोन बोटेही आत जात नसेल, तर माती दबून घट्ट झाली आहे आणि मुळांना हवा मिळत नाही, असे समजावे. अशा वेळी ८ ते १० सेंटिमीटर खोल भोके पाडून, वरचा थर खरवडून चाळलेले कंपोस्ट पसरावे आणि मगच आजूबाजूच्या गवताच्याच जातीचे बी पेरून ते पायाने हलकेच दाबावे. (नुसते वरून भुरभुरलेले बी पाखरांच्याच कामी येते.)

उत्तर २: संध्याकाळचे पाणी आधी बंद करा, कारण रात्रभर ओली राहिलेली पाती बुरशीला आमंत्रणच देतात. बी रुजेपर्यंत दिवसा हलके शिंपण करावे. पुढे आठवड्यातून एक-दोनदाच, पण सकाळी आणि १५ सेंटिमीटरपर्यंत ओल उतरेल इतके पाणी द्यावे. कापताना पात्याच्या एक तृतीयांशाहून अधिक उंची छाटू नये.

प्रश्नकर्ता: स्क्रूड्रायव्हर जेमतेम नखभर आत गेला!