दर जानेवारीला फ्रेमवर्कची उद्दिष्टं जाहीर करून नेमकं काय साधतं?

डोंबिवली_पूर्व (धागाकर्ता)

आपल्या मुंबईच्या जॅंगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा) गटावर काल एक पोस्ट पडली. म्हणणं असं, की ज्या फ्रेमवर्कच्या समुदायाला वर्षाची उद्दिष्टं नाहीत तो समुदाय दिशाहीन. तेव्हा दर जानेवारीला दहा उद्दिष्टं जाहीर करा, प्रत्येकापुढे आकडा लिहा आणि डिसेंबरात हिशेब मांडा. धडाधड अंगठे आले. मी रात्री उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी 2011 पासून जॅंगोवर पोट भरतोय. या फ्रेमवर्कची दिशा मला जानेवारीच्या यादीतून कधीच कळली नाही. ती कळते वेळापत्रकातून. साधारण आठ महिन्यांनी नवी आवृत्ती, दोन वर्षांनी एक दीर्घ मुदतीच्या सपोर्टची. 4.2 एप्रिल 2023 ला आली, 5.2 एप्रिल 2025 ला. जे तयार असेल ते या गाडीत चढतं, नसेल ते पुढची गाडी पकडतं. त्यामुळे अपग्रेडचे पैसे कधी बाजूला काढायचे हे मी क्लायंटला दोन-दोन वर्षं आधी सांगू शकतो.

असिंकचंच घ्या, म्हणजे एका कामाची वाट बघताना दुसरं चालू ठेवायची सोय. 3.0 मध्ये, डिसेंबर 2019 ला, एएसजीआय (असिंक सर्व्हरशी जोडायचं मानक) आलं. असिंक व्ह्यू (पानाची विनंती हाताळणारा कोड) ऑगस्ट 2020 ला, 3.1 मध्ये. क्वेरीसेटवर (डेटाबेसमधून नोंदी मागवायची सोय) असिंक पद्धती यायला ऑगस्ट 2022 उजाडला, 4.1. हे काम कुठल्या वर्षाच्या खात्यात टाकणार? डिसेंबर 2019 ला हिशेब मांडला असता तर समोर 'अपूर्ण' लिहावं लागलं असतं, आणि ज्यांनी त्यात रात्री घातल्या त्यांच्या तोंडावर ते फेकलं गेलं असतं.

हे मी अनुभवाने बोलतोय. काही वर्षांपूर्वी एका छोट्या कोड-लायब्ररीच्या गटात होतो. मुख्य मेंटेनर एक मुलगी, नोकरी सांभाळून करायची. जानेवारीत आम्ही बारा जणांनी बारा उद्दिष्टं ठरवली. सातवं होतं 'डॉक्युमेंटेशन मराठी आणि हिंदीत'. ते कुणाच्याच नावावर नव्हतं. मार्चमध्ये तिला बाळ झालं. जूनमध्ये एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "सात नंबरचं काय झालं?" विचारणाऱ्याने स्वतः एक ओळ लिहिली नव्हती. त्याच आठवड्यात तिने कोडची रिपॉझिटरी आर्काइव्ह करून टाकली, म्हणजे काम बंद. मी तेव्हा गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऐरोली_सेक्टर_8

तुम्हाला दिशा कळते कारण तुम्ही इतकी वर्षं आत आहात. मी 2022 ला आले. कुठली तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्या) महत्त्वाची, कुठली नुसती धूळ खात पडलीत, हे मला कोण सांगणार? वेळापत्रक सांगतं गाडी कधी सुटणार. गाडी कुठे जाणार ते सांगत नाही.

आणि तिकीट क्रमांक 373 विसरलात वाटतं! एकापेक्षा जास्त कॉलमची प्रायमरी की (डेटाबेसच्या टेबलातली ओळ ओळखायची खूण). 2005 चं तिकीट, 5.2 मध्ये सुटलं. वीस वर्षं! मधे गुगलच्या समर ऑफ कोड उपक्रमातही हात लावून झाला. एखाद्या वर्षी सगळ्यांनी मिळून 'यंदा हेच' म्हटलं असतं तर वीस वर्षं लागली असती का?

एम्बर या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कने हे करून दाखवलंय. 2018 च्या मे महिन्यात कोअर टीमने वापरणाऱ्यांनाच सांगितलं, तुम्हाला काय हवं ते लेख लिहून मांडा. त्यातून त्या वर्षाचा रोडमॅप निघाला आणि पुढे ऑक्टेन, म्हणजे एम्बरचं नवं रूप, आलं. ऐकून घेतलं जातंय हे लोकांना दिसलं.

डोंबिवली_पूर्व

ऑक्टेन आलं 3.15 बरोबर, डिसेंबर 2019 ला. म्हणजे दीड वर्षाच्या वर. मग वार्षिक कुठे राहिलं? आणि 373 सुटलं कारण कुणीतरी मांडी ठोकून बसलं आणि फेलोंनी ते पीआर (कोडबदलाचा प्रस्ताव) तुकड्यातुकड्याने तपासलं. जॅंगोचं फाउंडेशन 2014 पासून फेलोंना पगार देतं ते यासाठीच. तिकिटं चाळणं, रिव्ह्यू, सुरक्षा दुरुस्त्या. ही कामं यादीत लिहायला कुणाला सुचत नाहीत, पण ती थांबली तर सगळंच थांबेल.

विरार_स्लो

उद्दिष्टं ठरवायची तर पहिलं हे ठरवा, की मीटअप बीकेसी आणि पवईच्या बाहेर काढायचे. कामाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पवई! मी अंधेरीला ऑफिस सोडतो, रिक्षात तास जातो, पोचेपर्यंत पहिलं भाषण संपलेलं असतं. पिझ्झा येतो तेव्हा मला निघावं लागतं, कारण घरी पोचायला अकरा वाजतात. दोन वर्षांत मी एकही प्रश्नोत्तर पूर्ण ऐकलेलं नाही. आणि वर विचारतात, नवीन लोक टिकत का नाहीत?

ऐरोली_सेक्टर_8

याला शंभर टक्के पाठिंबा. मुली तर आठनंतर थांबतच नाहीत, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

गिरगावकर

मी साठीचा आहे, निवृत्तीनंतर हे शिकलो. आमच्या वाचनालयाची साइट मी जॅंगोत केली आहे. मला एकच उद्दिष्ट हवंय, बाकी नऊ तुम्ही वाटून घ्या. मराठी शब्दांचे स्लग (पानाच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये दिसणारा शब्द) नीट व्हावेत.

झालं असं. लेखांना टॅग आहेत, टॅगला स्लग आहे. स्लग बनवणाऱ्या स्लगिफायला अलाउ युनिकोड (इंग्रजीबाहेरची अक्षरंही चालू द्यायची सोय) चालू केलंय. 'पाणी' टॅग केला, स्लग झाला 'पण'. दुसऱ्या दिवशी 'पुणे' टॅग करायला गेलो तर म्हणतो हा स्लग आधीच आहे. मला वाटलं माझंच चुकलं. मग एकेक स्टेशन घालून बघितलं. दादरचं 'ददर', ठाण्याचं 'ठण', मालाडचं 'मलड', कुर्ल्याचं 'करल', मुंबईचं 'मबई'. परळ तेवढं शाबूत राहिलं, कारण त्याला काना-मात्रा नाही.

विक्रोळी_बॅकएंड

काका, हा दोष जॅंगोचा नाही. स्लगिफाय पायथनच्या रेजेक्सवर (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) चालतं. तिथलं बॅकस्लॅश डब्ल्यू हे चिन्ह अक्षरं आणि अंक धरतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही युनिकोडच्या हिशेबी जोडचिन्हं, ती गळतात. पायथनच्या इश्यूंमध्ये ही तक्रार 2007 पासून आहे. यूआरएल इंग्रजीत ठेवा, विषय संपला. तशाही मराठी यूआरएल व्हॉट्सअॅपवर टाकल्या की टक्क्याच्या चिन्हांची रांग दिसते. कुणाला हव्यात त्या?

गिरगावकर

मला हव्यात. आमच्या वाचनालयात येणाऱ्या आजींना हव्यात. 'विषय संपला' म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी चाळीस वर्षं छापखान्यात काढली. खिळे जुळवताना एक वेलांटी पडली तर पान परत करायचे. आमच्या धन्याला कुणी सांगून बघायचं होतं की वेलांटी हे अक्षर नाही!

विक्रोळी_बॅकएंड

मी तांत्रिक कारण सांगितलं, तुम्ही अंगावर येताय. भावनेने रेजेक्स बदलत नाही.

ऐरोली_सेक्टर_8

कारण बरोबर आहे, पण सूर चुकीचा आहे. काकांनी एकेक स्टेशन तपासून बग शोधला, तुम्ही दोन ओळींत त्यांना इंग्रजीकडे वळवलंत. त्यात यूआरएलमधला स्लग ओळखणारा कन्व्हर्टर तर फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर घेतो. म्हणजे स्लग नीट झाला तरी काकांना स्वतःचा कन्व्हर्टर लिहावा लागणार. 1.9 मध्ये, 2015 ला, अलाउ युनिकोड आलं, तेव्हा देवनागरी घालून कुणी बघितलं असतं तर? म्हणूनच म्हणते, उद्दिष्ट जाहीर करा. 'भारतीय लिप्या यंदा नीट चालतील.' जाहीर केलं की लोक तपासतात.

डोंबिवली_पूर्व

तपासतात? कोण? नाव सांगा. लाख-कोटीचे स्वल्पविराम बघा. नंबर ग्रुपिंग सेटिंगला (3, 2, 0), म्हणजे आधी तीन मग दोन-दोन आकडे, देण्याची सोय 1.11 मध्ये आली, एप्रिल 2017 ला. कुणीतरी दुरुस्तीचा पॅच लिहिला, चाचण्या लिहिल्या, मूळ कोडमध्ये मर्ज झाला. 'भारतीय लिप्या नीट चालतील' हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय. त्या वाक्याला हात नाहीत.

ऐरोली_सेक्टर_8

हात कुठून येणार? तुमच्यासारखे जुने लोक वाटेत बसून 'नाव सांगा, नाव सांगा' करतात. माझा पहिला पीआर पाच महिने पडून होता. मी तो मुलुंड ते घाटकोपर उभ्याने, एका हाताने मोबाइलवर परत परत रिबेस केला आहे, म्हणजे नव्या कोडशी जुळवून घेतला आहे. एकाने जरी सांगितलं असतं की यंदा हा विषय आमच्या प्राधान्यात नाही, तरी मी दुसरं काही घेतलं असतं. मला यादी हवी आहे ती मिरवायला नाही. माझे पाच महिने वाचावेत म्हणून हवी आहे.

विरार_स्लो

हे पटलं. 'नाही' लवकर कळणं हाच मोठा फायदा आहे. पण बीकेसीचं कुणी बोललंच नाही.

डोंबिवली_पूर्व

पाच महिन्यांचं वाचून मी थोडा वेळ थांबलो. काय करणार नाही ते वर्षाच्या सुरुवातीला सांगावं, हे मला मान्य करावं लागतंय. मनापासून नाही, पण मान्य.

तरी एक अट सोडणार नाही. रस्ट भाषेवाले 2017 पासून वर्षाचा रोडमॅप काढायचे. 2024 च्या उत्तरार्धात त्यांनी सहा महिन्यांची उद्दिष्टं घेतली आणि प्रत्येक उद्दिष्टाला मालक असलाच पाहिजे असा नियम केला. मालक नाही तर उद्दिष्ट नाही. आपल्या गटात तसं होणार असेल तर मी विरोध मागे घेतो. दहा उद्दिष्टं आणि आकडे याला विरोध कायम आहे. ज्या बाईला बाळ झालंय तिला जूनमध्ये कुणी सात नंबर विचारू नये.

विक्रोळी_बॅकएंड

काकांना मी जरा तोडून बोललो. तेवढं मागे घेतो, रेजेक्सबद्दलचं नाही. पायपीआयवरचं (पायथनची पॅकेजं मिळतात ती जागा) रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल जोडचिन्हं धरतं. ते वापरून तुमच्या साइटपुरतं वेगळं स्लगिफाय लिहिता येईल. दहा-बारा ओळी. या रविवारी मी ठाकूरद्वारला मामाकडे येतोय, लॅपटॉप घेऊन येतो.

गिरगावकर

या. चारनंतर या, आधी वाचनालय बंद असतं. ऐरोलीच्या ताई, तुम्हीही या, चर्नी रोडपासून चालत सात मिनिटं. विरारवाल्यांना थेट गाडी आहे आणि आठच्या आत सगळे घरी निघतील, याची जबाबदारी माझी.

विरार_स्लो

पहिल्यांदाच कुणी वेळ विचारात घेतली. येतो.

ऐरोली_सेक्टर_8

येते. ट्रान्सहार्बरने ठाण्याला, तिथून पुढे दादर बदलून. मूळ जॅंगोसाठी चाचणी मी लिहिते, माझं नाव टाका. पॅच घेतील की नाही माहीत नाही, पण नापास होणारी चाचणी समोर ठेवली तर निदान बोलावं लागेल. पाणी, पुणे, पण. तिन्हींचे स्लग वेगळे आले पाहिजेत. कुर्ला घालते, रफारासाठी. काका, छापखान्यात ज्या जोडाक्षरांनी सगळ्यात जास्त छळलं त्यांची यादी काढून ठेवा.

आणि डोंबिवलीकर, वार्षिक उद्दिष्टांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. रविवारी याल तेव्हा उरलेलं भांडू.