मदत हवी आहे: ऑनलाइन आरपीजीत ट्रेड करताना वस्तू डबल होतेय, इन्व्हेंटरीची (प्लेअरकडच्या सामानाची) रचना कशी करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मित्र नोकरी सांभाळून एक छोटा ऑनलाइन आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) बनवतोय. क्लायंट (प्लेअरच्या मशीनवरचा भाग) गोडो या गेम इंजिनमध्ये, सर्व्हर नोडजेएस, डेटाबेस पोस्टग्रेस. लढाई, नकाशा, चॅट हे बऱ्यापैकी चालायला लागलंय पण इन्व्हेंटरीपाशी घोडं अडलंय.

सध्या प्रत्येक कॅरेक्टरच्या रो मध्ये (डेटाबेसच्या टेबलातल्या ओळीत) एक जेसन कॉलम आहे, म्हणजे सगळा माल एकाच मजकुरात, त्यात ४० स्लॉटचा (जागांचा) ॲरे, म्हणजे यादी. प्लेअर लॉगिन झाला की ॲरे मेमरीत येतो, मग वस्तू उचलणं, वापरणं, दुकानात विकणं सगळं मेमरीतच होतं आणि दर पाच मिनिटांनी किंवा लॉगआउटला पूर्ण जेसन परत डेटाबेसमध्ये लिहिला जातो. फास्ट आहे, कोडही थोडका आहे, आणि एकट्या प्लेअरपुरतं बघितलं तर काहीच त्रास नाही.

त्रास ट्रेडमध्ये आहे. टेस्टिंगला एकाने दुसऱ्याला दांडपट्टा दिला, घेणारा लगेच लॉगआउट झाला म्हणून त्याचं सेव्ह झालं, देणारा खेळतच होता आणि तेवढ्यात सर्व्हर पडला. परत चालू केल्यावर पट्टा दोघांकडे! उलट क्रमाने झालं, म्हणजे देणाऱ्याचं आधी सेव्ह होऊन मग सर्व्हर पडला, तर पट्टा कुणाकडेच नाही. दुसरा प्रकार एक वेळ चालेल, माफी मागून वस्तू परत देता येते, पण पहिला प्रकार एकदा का कुणाला कळला की तो मुद्दाम सर्व्हर पाडायच्याच मागे लागेल. डायब्लो २ हा गेम खेळलेल्यांना आठवत असेल, तिथे स्टोन ऑफ जॉर्डन अंगठी लोक चलनासारखी वापरायचे आणि तिच्याच डुप्लिकेट कॉप्यांचा सुळसुळाट झाला होता. आमच्या गेममध्ये कुणी रात्र रात्र जागून मिळवलेल्या वस्तूची किंमत अशी मातीमोल होऊ नये एवढंच मला मनापासून वाटतं.

तर प्रत्येक वस्तूला वेगळी रो द्यावी का? मग बाण, गंधक, तोफेची दारू असल्या गठ्ठ्याने येणाऱ्या मालाचं काय करायचं, प्रत्येक बाणाला रो तर देता येणार नाही. आणि स्लॉट इकडचा तिकडे ड्रॅग केला तरी दर वेळी डेटाबेसला हात लावायचा का, त्याने सर्व्हर मंद होईल अशी भीती वाटते. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

पाच मिनिटांनी सेव्ह करणं हे मूळ दुखणं नाहीये, एकाच ट्रेडच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या वेळी सेव्ह होतात हे आहे. आजच्या आज करायचं असेल तर ट्रेड झाला की दोघांचे जेसन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिही, लिहिले तर दोन्ही नाहीतर एकही नाही. तेवढ्याने तू सांगितलेली केस बंद होते.

पण पुढे लिलाव, टपाल, गिल्डची (प्लेअरांच्या गटाची) तिजोरी येणार असेल तर जेसन सोड. दोन टेबलं कर. एक वस्तूंच्या प्रकारांचं, म्हणजे दांडपट्ट्याचं नाव, चित्र, मूळ डॅमेज, गठ्ठा किती मोठा होऊ शकतो वगैरे. दुसरं प्रत्यक्ष वस्तूंचं: आयडी, प्रकार, मालक, स्लॉट, नग, झीज. ट्रिनिटीकोर हा ऑनलाइन आरपीजीचा ओपन सोर्स सर्व्हर बघ, त्याच्या ३.३.५ ब्रँचमध्ये आयटम_टेम्प्लेट आणि आयटम_इन्स्टन्स अशी वेगळी टेबलं आहेत, स्कीमा (टेबलांची रचना) वाचण्यासारखा आहे. मालकी वस्तूच्या रो मध्येच लिहिली की पट्ट्याचा सातबारा एकच राहतो, तो दोघांच्या नावावर चढूच शकत नाही.

ट्रेड करताना ट्रान्झॅक्शन उघड, दोन्ही कॅरेक्टरच्या रो सिलेक्ट फॉर अपडेटने लॉक कर (म्हणजे आपलं होईपर्यंत दुसरं कुणी त्या बदलू शकत नाही), आणि लॉक नेहमी लहान आयडीपासून मोठ्याकडे घे. नाहीतर दोन ट्रेड एकमेकांसाठी अडकून बसतात, मग पोस्टग्रेस त्यातला एक मारतं आणि प्लेअरला विनाकारण एरर दिसते. मग अपडेटच्या व्हेअरमध्ये (अटीत) जुना मालक पण टाक, किती रो बदलल्या ते मोज, अपेक्षेपेक्षा एक जरी कमी भरली तर रोलबॅक, म्हणजे सगळं मागे. मेमरीतला ॲरे कमिट झाल्यावरच (ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावरच) बदलायचा, आधी नाही.

आणि नोड सिंगल थ्रेड आहे म्हणजे रेस कंडिशन (दोन कामं एकमेकांत घुसून होणारा गोंधळ) येत नाही असं धरून चालू नकोस. प्रत्येक अवेटपाशी (कोड उत्तराची वाट बघत थांबतो तिथे) दुसरी रिक्वेस्ट मध्ये घुसू शकते, ट्रेडची खिडकी उघडी असताना तोच पट्टा दुकानात विकला असं होतं बघ.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, थोडी भर घालते. गठ्ठ्याच्या मालाला एका गठ्ठ्याची एक रो, नग कॉलमवर शून्यापेक्षा जास्त अशी चेक कन्स्ट्रेंट (डेटाबेसनेच पाळायची अट) लाव. ६० बाणांतले २० द्यायचे तर जुन्या रो मधून २० वजा आणि २० ची नवी रो, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. कोडमध्ये कुठे चूक राहिली तरी डेटाबेस उणे बाण होऊ देणार नाही.

मालक आणि स्लॉट या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा नको अशी अट) लावशीलच, पण दोन वस्तूंची अदलाबदल करताना ती आडवी येते कारण पहिली रो हलवली की क्षणभर एकाच स्लॉटमध्ये दोन वस्तू होतात. कन्स्ट्रेंट डिफरेबल इनिशियली डिफर्ड अशी बनव, मग तपासणी कमिटच्या वेळी होते. एवढंच लक्षात ठेव की अशी कन्स्ट्रेंट ऑन कॉन्फ्लिक्टमध्ये (नवी रो जुनीशी भिडली तर काय करायचं ते सांगणाऱ्या भागात) वापरता येत नाही.

अजून एक, मोबाईल नेटवर खेळणारे असतील तर क्लायंट उत्तर न आल्याने तीच रिक्वेस्ट परत पाठवतो. प्रत्येक ट्रेडला एक युनिक नंबर दे आणि तो ट्रेड लॉगमध्ये युनिक ठेव, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. दुसऱ्यांदा आली की आधीचंच उत्तर परत द्यायचं.

धागाकर्ता

दोघांचेही खूप खूप आभार, इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. ड्रॅगचं मात्र अजून कळेना, प्लेअर दुकानापाशी उभा राहून पिशवी लावत बसला तर सेकंदाला दोन-तीन अपडेट होतील, ते सगळे लिहायचेच का?

प्रतिसाद १

नाही. मालकी आणि नग बदलले तर लगेच लिहायचं, त्यात तडजोड नाही. आपल्याच पिशवीत वस्तू कुठे ठेवली हे निवांत लिहिलं तरी चालतं, सर्व्हर पडला तर फार तर पट्टा जुन्या जागी दिसेल, कुणाचं नुकसान नाही. ट्रेडमध्ये आलेल्या वस्तूचा स्लॉट डेटाबेसमध्ये आधी नल (रिकामा) ठेव, युनिकमध्ये नल कितीही असले तरी पोस्टग्रेस अडवत नाही, आणि लोड करताना नल असलेल्यांना मोकळ्या जागी बसव. फक्त पिशवीत जागा आहे का हे ट्रेडच्या आधी मोज, नलवाल्या वस्तूही त्यात धर.

क्लायंटवर ड्रॅग लगेच दिसू दे, सर्व्हरने नाही म्हटलं तर परत जुन्या जागी. ट्रेडला मात्र उत्तर येईपर्यंत थांबव.

धागाकर्ता

हे मस्त झालं. या शनिवार-रविवारी जुन्या जेसनमधून नव्या टेबलात माल हलवायची स्क्रिप्ट लिहितो. जुन्या वस्तूंना आयडीच नाहीयेत, म्हणजे आधीच डबल झालेल्या कुठल्या ते ओळखता येणार नाही ना?

प्रतिसाद २

आयडी नसतील तर नाही येणार. टेस्टिंगचाच डेटा असेल तर सरळ पुसून टाक, खऱ्या प्लेअरांसाठी पहिल्या दिवसापासून स्वच्छ सुरुवात होईल.