प्रामाणिक माणसाचा फोन नंबर

कोरगावची: परवा इथे कोणीतरी लिहिलं, ‘डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव, पत्ता, फोन सगळ्यांना दिसलाच पाहिजे. प्रामाणिक माणसाला लपवायचं काय?’ वाचून डोकं तडकलं. २०१६ मध्ये मी होमस्टेसाठी डॉट कॉम घेतलं. फॉर्मवर पत्ता घरचा, नंबरही घरचाच. दुसऱ्या दिवशी नीरफणसाच्या कापा तव्यावर आणि पहिला फोन: ‘म्याडम, वेबसाइट बनवायचीय ना?’ दुपारपर्यंत अकरा. आठवड्याने एक जण रात्री साडेअकराला विचारतो, ‘एकट्याच असता का?’ नंबर कुठे मिळाला म्हटलं, तर म्हणे हू-इजवर, म्हणजे डोमेन कोणाचं ते दाखवणाऱ्या जाहीर नोंदीत. मे २०१८ मध्ये युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीचा कायदा लागू झाला, डोमेनचे नियम करणाऱ्या आयकॅन संस्थेला ही माहिती झाकायला वाट करून द्यावी लागली, तेव्हा कुठे सुटले.

पेडण्याचा केबलवाला: तो ‘कोणीतरी’ मीच. वहिनी, तुमचा त्रास खरा. पण माझ्या नाशिकच्या मेव्हण्याने कळंगुटचा व्हिला घेतला, स्विमिंग पूलवाला, ४० हजार आगाऊ. पत्त्यावर पोचला तर तिथे रापणीचं जाळं सुकत पडलेलं. साइटचा मालक शोधला: ‘गोपनीयतेसाठी झाकले’. चोराला बुरखा कायद्यानेच शिवून दिला.

सर्व्हरवाली: आणि आधी चोर खरं नाव लिहायचा? मी पाहिलेत ते पत्ते: गाव ‘अबकड’, फोन सगळे नऊ. आयकॅनच्या नियमाने रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीने, १५ दिवसांत ईमेल किंवा फोन, एक काय ते तपासायचं. आजही डोमेन कधी घेतलं ती तारीख सगळ्यांना दिसते. मेव्हण्यांनी बघितली?

पेडण्याचा केबलवाला: बघितली. पैसे गेल्यावर. साइटवर ‘२० वर्षे आपल्या सेवेत’, डोमेन ९ दिवसांचं. हसा.

भाटातला: डोमेनचं काय घेऊन बसलात! सर्व्हे नंबर टाका, एक-चौदाचा उतारा, आपला गोव्याचा सातबारा, अख्ख्या जगाला दिसतो. आमच्यावर अजून आजोबांचं नाव, ते वारले १९८९ ला. गेल्या चवथीला आम्ही गणपतीवरची माटोळी बांधतोय आणि दिल्लीची गाडी अंगणात. ‘त्यांना भेटायचंय.’ म्हटलं, वर जा, भेटतील.

कोरगावची: तेच तर! तेही झाका.

कुवेतवाला: झाका? जमिनी बळकावल्या म्हणून गोव्यात २०२२ मध्ये एसआयटी, पोलिसांचं खास तपास पथक, नेमावी लागली, विसरलात? रात्रपाळीत इथे बसून उतारा उघडला तर बाबांच्या नावाखाली भलतंच आडनाव. झाकलेला असता तर कुळागर, आमची सुपारीची बाग, गेल्यावरच कळलं असतं.

भाटातला: मग दलालांना चहा तूच पाज.

कुवेतवाला: पाजतो. तुम्ही आधी वारसांची नावं लावा.

भाटातला: सात भावंडं, एक लिस्बनला. सह्या आणून दे, मग शिकव.

सर्व्हरवाली: अहो, उताऱ्यावर फोन नंबर नसतो! हू-इजवर असायचा, भांडण त्याचं आहे. हॉटेल-होमस्टेला १९८२ च्या कायद्याने पर्यटन खात्याची नोंदणी लागते. पैसे भरण्याआधी तो क्रमांक मागा. मालक कोण ते पोलिसांनी रजिस्ट्रारला विचारावं.

पेडण्याचा केबलवाला: क्रमांक मागायचा, मान्य. रजिस्ट्रारचं उत्तरही आलं हो, आठ महिन्यांनी: ‘न्यायालयाचा आदेश आणा.’ घ्या तुमची गोपनीयता.

कोरगावची: ते वाईटच झालं. पण भाऊ, तुमचा नंबर केबलच्या पावतीवर उघडा छापलेला आहे ना? परवाच्या पावसापासून लावतेय. बंद.