[मंडळ-लिस्ट] रे: रे: शनिवारचा पिक्चर, परवानगीचं कोणी बघतंय का??

प्रेषक: मिलिंद (सचिव)

मंडळी, मल्याळी असोसिएशनबरोबरचा शनिवारचा कार्यक्रम तोंडावर आला आणि 'पंचवडी पालम'च्या ('पालम' म्हणजे पूल) परवानगीचा अजून पत्ता नाही. चर्चच्या पॅरिश हॉलच्या बाईंनी काल परत विचारलं, पिक्चर दाखवणार असाल तर लेखी परवानगीची कॉपी द्या, नाहीतर हॉल फक्त जेवणापुरता मिळेल. मल्याळी असोसिएशनवाल्यांना वाटलं आपण घेतोय, आपल्याला वाटलं ते घेतायत, म्हणजे कोणीच घेतली नाही. हॉलकडे जे सरसकट लायसन्स आहे त्यात १९८४ चा मल्याळी पिक्चर कुठून असणार. निर्माते गांधीमती बालन २०२४ मध्ये गेले, दिग्दर्शक के. जी. जॉर्ज त्याच्या आदल्या वर्षी. हक्क आता कोणाकडे आहेत हे शोधायला कोणाची केरळात ओळख आहे का? आणि 'पंचवडी पालम'च दाखवायचा हे मीटिंगमध्ये ठरलंय, तो विषय कृपया परत उकरू नका.

---

प्रेषक: नीलेश

एवढं काय त्यात, नेटवर शोधला की मिळेल, लॅपटॉप जोडायचा, लावायचा. बाईंना सांगा प्रायव्हेट फंक्शन आहे. दिवाळीला आपण पिक्चर लावला तेव्हा विचारलं का कोणी?

---

प्रेषक: शुभदा (खजिनदार)

नीलेश, दिवाळीला मी भारतात होते म्हणून कोणी विचारलं नाही. या वेळेस आपण माणशी आठ युरो घेतोय, पावत्या फाडून झाल्यात, दोन्ही मंडळांची पब्लिक येणार, मग प्रायव्हेट कसलं? हॉलच्या फॉर्मवर सही माझी आहे, तुझी नाही.

---

प्रेषक: नीलेश

अहो ताई आठ युरो जेवणाचे, पिक्चर फुकट. पावतीवर 'भोजन खर्च' लिहा, विषय संपला. उगाच सरकारी हापिसासारखं करू नका

---

प्रेषक: विनायक

नीलेश, तू पिक्चर न बघताच त्यातला शिखंडी पिल्लै झालास!! नेडुमुडी वेणूने केलाय तो रोल. पंचायतीचा अध्यक्ष दुःशासन कुरूप, म्हणजे भरत गोपी, त्याला काहीतरी करून नाव कमवायचंय, तर हा पिल्लै त्याच्या कानाला लागतो की गावातला पूल पाडू आणि नवा बांधू. पूल चांगला ठणठणीत आहे, कोणाची तक्रार नाही. पण नवा बांधला की टेंडर, टेंडर आलं की कॉन्ट्रॅक्टर, आणि कॉन्ट्रॅक्टर आला की सगळ्यांचंच भलं. विरोधी पक्षवाले (तिलकन आहे पुढारी) आधी जोरात ओरडतात, मग वाटणी ठरते आणि त्यांनाही पूल आवडायला लागतो. एकजण लाच घेतोय आणि बाकीचे साधेभोळे असं यात अजिबात नाही, बिल कसं पास होतं हे ज्याने कधी जवळून पाहिलंय त्याला बरोब्बर कळेल. मी बँकेच्या नोकरीत एर्नाकुळमला होतो तेव्हा आमच्या ब्रँचच्या शिपायाला यातले डायलॉग पाठ. मूळ गोष्ट वेळूर कृष्णनकुट्टींची, संवाद लिहिलेत येसुदासन यांनी, गाणारे येसुदास नव्हेत, हे व्यंगचित्रकार. त्यामुळे माणसं सगळी व्यंगचित्रातून उठून आल्यासारखी चालतात बोलतात. पहिल्या अर्ध्या तासात काहींना हे अति वाटेल, तेवढं सोसा.

परवानगीचं मला माहीत नाही.

---

प्रेषक: प्राची

काका मस्त लिहिलंत, पण एक घोळ झालाय. सासूबाई आल्यात सध्या, त्या नाशिकच्या, आणि फ्लायरवर 'पंचवडी' वाचून त्यांना वाटतंय रामायणाचा पिक्चर आहे. मी सांगायला गेले की नाही हो आई, पंचायतीचा आहे, तर विचारतात पात्रं कोण कोण, आणि आता त्यात दुःशासन, शिखंडी आणि अध्यक्षाची बायको मंदोदरी (श्रीविद्या), तर मी काय बोलणार! त्या उपास सोडून येणारेत शनिवारी.

आमच्या वॉर्डातल्या निम्म्या नर्सेस मल्याळी, सगळ्या येतो म्हणाल्यात. त्यांच्याकडे रस्त्याला खड्डा पडला तरी याच पिक्चरचं नाव निघतं. कोचीचा पालारीवट्टम फ्लायओव्हर २०१६ ला सुरू झाला आणि २०१९ च्या मे महिन्यात बंद करावा लागला, तडे गेलेले. मग मेट्रोवाले ई. श्रीधरन आले, मोठा भाग पाडून परत बांधला, २०२१ च्या मार्चमध्ये पुन्हा चालू. त्या केसमध्ये हायकोर्टानेसुद्धा या पिक्चरचं नाव काढलं होतं. म्हणजे पिक्चरमध्ये चांगला पूल पाडतात आणि खऱ्यात नवाकोरा पाडायला लागला.

---

प्रेषक: संतोष

मी मीटिंगला नव्हतो म्हणून आता लिहितोय, राग मानू नका. मी महाडचा. २ ऑगस्ट २०१६ ला सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा दोन एसट्या वाहून गेल्या, आमच्या आळीतले लोक कितीतरी दिवस नदीकाठाला उभे होते. पूल पडतो आणि हॉलभर लोक हसतायत, वडे खातायत, हे मला जमणार नाही. पिक्चर दाखवू नका असं माझं म्हणणं नाही, मी जेवायला येईन.

---

प्रेषक: विनायक

संतोष, तुझं बरोबर आहे, जबरदस्ती नाही. पण एक सांगतो. पूल पडताना हसू येत नाही. हसवाहसवी आधीची आहे, उद्घाटनाची तयारी, मंडप, अध्यक्षाच्या मुलीचं लग्नही त्यातच उरकायचं ठरलंय. श्रीनिवासनने कातवरायन म्हणून एक अपंग भिकारी केलाय, चाकाच्या फळीवर बसून हाताने ढकलत गावभर फिरतो, पिक्चरभर सगळे त्याला चुकवून पुढे जातात. कॅमेरा शाजी करुणचा, तो त्या फळीच्या उंचीवर येतो तिथे नीट बघ. पुढचं सांगत नाही. आणि महाडचा पूल ब्रिटिशांच्या वेळचा, तो वेळेत बदलायला हवा होता आणि बदलला नाही, इथे बदलायची गरज नसताना बदलतात, दोन्हीकडे मरणारा एकच.

---

प्रेषक: अमोल

सॉरी उशिरा वाचतोय. पण खट्टा मीठा का नाही?? हिरोच आपला सचिन टिचकुले, रस्त्याची कामं घेणारा मराठी कॉन्ट्रॅक्टर, हिंदीत आहे, सगळ्यांना कळेल, सबटायटलची कटकट नाही

---

प्रेषक: मिलिंद (सचिव)

अमोल, विषय उकरू नका असं पहिल्याच मेलमध्ये लिहिलंय.

---

प्रेषक: विनायक

अमोल, उकरलाच आहेस तर ऐक. खट्टा मीठा २०१० चा, त्याचं मूळ 'वेळ्ळानकळुडे नाडु', १९८८ चा, मोहनलाल आणि शोभना, दोन्ही प्रियदर्शनचेच. आणि त्या मुळाची पटकथा कोणाची, तर श्रीनिवासनची, जो आपल्या पिक्चरमध्ये फळीवर बसलाय. त्यात बंद पडलेला रोड रोलर आणि तो दुरुस्त करायला आलेला कुतिरवट्टम पप्पू, तो एक सीन मी कधीही बघू शकतो, केरळातल्या तामरश्शेरी घाटाची थाप त्याने काय मारलीय! हिंदीत त्या जागी जॉनी लिव्हर. बरा आहे, पण आरडाओरडा फार. टिचकुले आडनाव सोडलं तर त्यात मराठी काय आहे ते मला दाखव.

---

प्रेषक: अमोल

काका तुम्हाला मल्याळी ते सगळं भारीच वाटतं. असंच असेल तर आपला सिंहासन दाखवा ना, १९७९ चा आहे, केरळच्या आधी आपण केलंय

---

प्रेषक: शुभदा (खजिनदार)

सिंहासनचीही परवानगी लागेल. कोणीतरी मूळ प्रश्नाचं उत्तर द्याल का? मी फक्त एवढंच विचारतेय की फॉर्मवर काय लिहायचं.

---

प्रेषक: नीलेश

माझं उत्तर दिलंय. भोजन. आणि हॉल उघडणाऱ्या आजोबांना एक चांगली बाटली दिली तर ते कॉपी मागणारही नाहीत, ख्रिसमस पार्टीला ते आपल्याच टेबलावर होते.

---

प्रेषक: प्राची

नीलेश!! 😂 भ्रष्टाचाराचा पिक्चर आणि हॉलला बाटली. तू पोस्टरवरच ये.

माझ्या वॉर्डातल्या एका चेचीच्या (मल्याळीत ताई) भावाची तिरुवनंतपुरममध्ये सिनेमावाल्यांत ऊठबस आहे, तो निर्मात्याच्या घरच्यांपर्यंत पोचवतो म्हणालाय. त्यांना हवं ते पत्र इंग्लिशमध्ये पाहिजे, कार्यक्रम कुठे, किती लोक, पैसे कशाचे घेतोय, सगळं खरंखरं लिहून. मिलिंद आजच पाठव, तिकडे रात्र व्हायच्या आत. मंडळाच्या लेटरहेडवर हं, जीमेलवरून नको.

---

प्रेषक: मिलिंद (सचिव)

पाठवलं. आठ युरोत जेवण आणि हॉलभाडं असं लिहिलंय, ८० लोक लिहिलेत. उत्तर शुक्रवार दुपारपर्यंत नाही आलं तर पिक्चर रद्द, नुसतं जेवण, आणि काका अर्धा तास बोलतील. काका चालेल ना?

---

प्रेषक: विनायक

अर्ध्या तासात काय होतंय.

---

प्रेषक: शुभदा (खजिनदार)

८० कुठून आले? माझ्याकडे पावत्या ५३ आहेत. मल्याळी मंडळाचे धरून ८० असतील तर त्यांचे पैसे वेगळे येणार की आपल्याकडे, हे आधी सांगा. पळमपोरी (केळ्याची भजी) ते आणतायत, वडे आपले, वड्यांचं सारण मी करणार, तळायला दोघं हवेत, हॉलच्या किचनमध्ये डीप फ्राय चालत नाही म्हणून घरून तळून आणायचे. संतोष, तू तळायला येतोस का?