१९७८ चे क्लिप्श ला स्काला : क्रॉसओव्हरचे कॅपॅसिटर बदलायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धागा जरा लांबणारे, आधीच सांगतो. मी डॅलसजवळ राहतो, इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण शून्य, पण सोल्डरिंग आयर्न धरता येतं (कॉलेजात असताना एफएम रेडिओचं किट जोडलं होतं, ते चालू झालं नाही हा भाग वेगळा). दोन महिन्यांपूर्वी लिटल रॉकला एका निवृत्त बँड-मास्तरांकडून क्लिप्श ला स्काला या स्पीकरची जोडी घेतली, १९७८ ची. जाऊन-येऊन दहा तास ड्रायव्हिंग आणि एकेक खोकं सव्वाशे पाउंडाच्या आसपास, त्यामुळे पाठीचं काय झालं ते विचारू नका. गंमत म्हणजे येताना आय-३० वरच होप गाव लागतं, जिथे पॉल क्लिप्शनी १९४६ ला कंपनी काढली आणि जिथे हे स्पीकर बनले, म्हणजे बिचारे माहेरावरून जाऊन सासरी आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हा पूर्ण हॉर्नचा, म्हणजे भोंग्यांचा, स्पीकर आहे. खाली लाकडात दुमडलेला बेस हॉर्न आणि त्याच्या पोटात १५ इंची वूफर (खर्जाचा), वर लांबुडका मिडचा (मधल्या सुरांचा) हॉर्न आणि छोटा ट्वीटर (बारीक आवाजाचा). सेन्सिटिव्हिटी (थोड्या पॉवरवर किती जोरात वाजतो ते) १०४ डीबी, त्यामुळे माझा आठ वॉटचा ट्यूब अँप नऊ वाजेपर्यंतसुद्धा फिरवावा लागत नाही. बायको त्यांना "प्रचाराचे भोंगे" म्हणते.

आता अडचण. उजवा स्पीकर डाव्यापेक्षा मंद वाजतो. आवाज कमी असं नाही, बेस दोन्हीकडे सारखाच आहे, पण उजवीकडे गळा मागे गेल्यासारखा वाटतो, तोंडावर पंचा धरून गातंय असा. कुमार गंधर्वांची जुनी मोनो रेकॉर्डिंग लावली तर माणूस मधोमध बसायला हवा ना, तो डावीकडे सरकून बसतो आणि तानपुरा भलतीकडेच. अँपच्या डाव्या-उजव्या वायर बदलून बघितल्या, तरी मंदपणा त्याच खोक्यात राहिला, म्हणजे अँप आणि प्लेअर दोषमुक्त.

क्रॉसओव्हर (आवाज वाटून वूफर, मिड आणि ट्वीटरला देणारं सर्किट) टाइप एए आहे. लाकडी पाटीवर पत्र्याच्या डबीतले तेलाचे कॅपॅसिटर, एक १३ मायक्रोफॅरडचा आणि दोन २ चे, शिवाय वूफरची कॉइल, एक छोटी कॉइल, एक ट्रान्सफॉर्मरसारखी वस्तू आणि ट्वीटरला वाचवणारे दोन झेनर डायोड. इंग्रजी फोरमवर विचारलं तर तिथे धर्मयुद्ध चालू आहे, एक म्हणतो तेलाचेच घाल, दुसरा म्हणतो पॉलिप्रॉपिलीनचे (प्लास्टिक फिल्मचे), तिसरा म्हणतो अख्खा क्रॉसओव्हर फेकून डिजिटल कर. तर प्रश्न असे :

कॅपॅसिटर बदलले की उजवा स्पीकर सुधारेल का? मल्टीमीटरवर उजवीकडचा १३ वाला १३.३ दाखवतोय, डावीकडचा १३.९, म्हणजे दोन्ही ठीकच की! मग बिघाड कुठे? कॉइलपण बदलू का? आणि शॉक बसेल का हो, कारण मला खरंच भीती वाटते.

ऑर्डर जवळजवळ टाकलीच आहे, फक्त बटण दाबायचं राहिलंय.

---

प्रतिसाद १

अभिनंदन! ला स्काला म्हणजे स्वप्न आहे राव. एकच सांगतो, साधे कॅपॅसिटर घालून या स्पीकरचा अपमान करू नका. तेलातले तांब्याच्या फॉइलचे घ्या, महाग आहेत पण एकदाच खर्च. दोनशे तास वाजवल्यावर उमलतात.

---

प्रतिसाद २ (पुणे)

बटण दाबू नका. थांबा जरा.

मी चाळीस वर्षं रेडिओ आणि अँप दुरुस्त करतोय, पासोड्या विठोबाजवळ दुकान होतं, आता घरीच बसून करतो. आमच्याकडे कंडेन्सर म्हणतात, तर कंडेन्सरबद्दल पहिली गोष्ट : मल्टीमीटर फक्त किती मायक्रोफॅरड ते सांगतो. जुन्या तेलाच्या डबीचा आकडा बरोबर येतो आणि तरीही ती आतून थकलेली असते, कारण आतला रोध वाढलेला असतो, ज्याला ईएसआर म्हणतात. तो बघायला एलसीआर मीटर लागतो. आणि बोर्डावर जोडलेला असताना मोजू नका, एक पाय सोडवून मोजा, नाहीतर शेजारच्या कॉइलचंच माप येईल.

शॉकचं म्हणाल तर अँप बंद करून वायर काढली की क्रॉसओव्हरमध्ये काही नाही, निर्धास्त हात घाला. पण तुमच्या ट्यूब अँपच्या पोटात मात्र अजिबात हात घालू नका, तिथला कंडेन्सर बंद केल्यावरही माणसाला भिंतीवर फेकतो.

पण माझा मूळ प्रश्न वेगळा आहे. दोन्ही डब्या एकाच वयाच्या, एकाच घरात राहिलेल्या. एकच थकते आणि दुसरी ठणठणीत राहते असं होऊ शकतं, पण आधी फुकटातलं तपासा. ट्वीटर दोन्ही वाजतायत का? या ट्वीटरची आतली बारीक तार तुटणं हा जुना रोग आहे. वर्तमानपत्राची सुरळी करून कानाला लावा, दुसरं टोक ट्वीटरच्या तोंडाशी. वाजत असेल तर दोन्ही क्रॉसओव्हरचे स्पष्ट फोटो टाका, विशेषतः त्या ट्रान्सफॉर्मरसारख्या वस्तूचे, वायर कुठल्या नंबरला आहे ते दिसलं पाहिजे.

---

धागाकर्ता

काका, धन्यवाद! सुरळीचा प्रयोग केला (मुलाने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला). दोन्ही ट्वीटर वाजतात, उजवा किंचित कमी वाटला, पण तो माझा कानही असू शकतो. फोटो टाकलेत. धूळ बघून हसू नका.

---

प्रतिसाद ३

ते प्रचाराचे भोंगे म्हणणं वहिनींचं अगदी बरोबर आहे बरं का. ला स्काला १९६३ ला आला तोच सभेतल्या भाषणांसाठी. विन्थ्रॉप रॉकफेलर आर्कान्सासच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते, त्यांच्या प्रचारासाठी क्लिप्शनी हा काढला. नाव इटलीतल्या ऑपेरा हाउसचं आणि काम नाक्यावरच्या सभेचं.

---

प्रतिसाद २ (पुणे)

सापडलं बहुतेक. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. तो ट्रान्सफॉर्मर म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर आहे, त्याला ० ते ५ असे टॅप, म्हणजे वायर जोडायच्या जागा, असतात, दर टॅपला ३ डीबीचा फरक. मिडचा ड्रायव्हर वूफरपेक्षा जास्त जोरात वाजतो, म्हणून त्याला कमी करायला तो बसवलाय. एएमध्ये मिडची वायर ४ नंबरला असते, म्हणजे ३ डीबी खाली. तुमच्या डाव्या स्पीकरला ती ४ वरच आहे. उजव्याला ३ वर आहे.

म्हणजे उजवीकडचा मिड आणखी ३ डीबी खाली वाजतोय, पॉवर निम्मी. गायकाचा गळा जवळपास सगळा मिडमधून येतो, म्हणून माणूस डावीकडे सरकला. कोणीतरी मुद्दाम हलवली असणार, वायर आपोआप जागा बदलत नाही.

आता यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या, कारण पुढे कंडेन्सर घेताना हेच लागणार आहे. मिडचा ड्रायव्हर १६ ओहमचा धरा. टॅप ३ डीबी खाली घेतला की मागच्या १३ मायक्रोफॅरडला तो ३२ ओहमचा भासतो. ३२ ओहम आणि १३ मायक्रोफॅरडचं गणित केलं तर मिड सुरू होण्याची जागा ३८० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे क्लिप्शनी ठरवलेले ४०० जवळपास जमले. आता तोच टॅप ६ डीबी खाली घ्या, तर भासणारा रोध ६४ होतो आणि १३ तसाच ठेवला तर तीच जागा येते १९० ला. त्या मिड हॉर्नचं नावच के-४०० आहे, ४०० च्या खाली तो हवेला धरतच नाही, मग ड्रायव्हरचा पडदा उगाच थरथरत बसतो. म्हणजे टॅप एक खाली न्यायचा तर कंडेन्सरही निम्मा, साडेसहाच्या आसपासचा हवा. तुमच्या उजव्याला कोणी तो बदललेला नाही, म्हणजे तो आवाजात मंद आणि वर मिडवर नको तो भार.

स्क्रू ढिला करा, वायर ३ वरून ४ ला न्या, स्क्रू आवळा. सोल्डरसुद्धा नको. मग ऐका आणि सांगा.

---

धागाकर्ता

काका!!!

काल रात्री मुलं झोपल्यावर केलं, पाच मिनिटांचं काम, त्यातली चार मिनिटं हेडलॅम्प शोधण्यात गेली. तीच मोनो रेकॉर्डिंग लावली आणि माणूस मधोमध येऊन बसला, अगदी टीव्हीच्या जागी. मी दोनदा उठून बघितलं की डावा बंद तर पडला नाही ना.

मग बँड-मास्तरांना फोन केला. ते म्हणाले हो, वीसेक वर्षांपूर्वी मीच हलवली होती. त्यांच्या खोलीत उजवा स्पीकर कोपऱ्यात, आणि बायको त्याच्याच शेजारच्या खुर्चीत विणकाम करत बसायची, तिला कानात घुसतं म्हणून त्या बाजूचा कमी केला. ती गेल्यावर परत वर करायचं राहून गेलं. मला काय बोलावं सुचेना, विषय बदलून हवापाण्याचं बोललो.

आता कॅपॅसिटरचा प्रश्न उरतोच. एका मित्राकडून एलसीआर मीटर आणला, पाय सोडवून मोजलं. १३ वाले दोन्ही बरे आहेत, पण २ च्या चार डब्यांपैकी उजवीकडच्या एकीचा ईएसआर बाकीच्या तिघींच्या कितीतरी पट निघाला, आणि ती डबी खालून थोडी तेलकट आहे. म्हणजे ट्वीटर कमी वाटला तो माझा कान नव्हता. काय करू?

---

प्रतिसाद २ (पुणे)

छान. आता बटण दाबा, पण योग्य ते.

एकच बदलू नका, जोडीने बदला. २ च्या चारही आणि १३ चे दोन्ही, पुढची तीस वर्षं बघायला नको. साधे पॉलिप्रॉपिलीन, सोलेन किंवा डेटन, जे मिळतील ते. पहिल्या प्रतिसादातल्या मित्राचा मान राखून सांगतो, दोनशे तासांत उमलतो तो आपला कान. १३ एका नगात नाही मिळाला तर १० आणि ३ समांतर जोडा, बेरीज होते. व्होल्टेज १०० च्या वर असलं की खूप झालं. दोन्ही बाजूंचे नग मोजून जुळते निवडा, ते किमतीपेक्षा महत्त्वाचं.

वूफरच्या कॉइलला हात लावू नका, तांबं म्हातारं होत नाही. जाडजूड कमी रोधाची कॉइल घातली तर बेसचा बॅलन्सच बदलेल, मग पुन्हा धागा काढाल. कॉइलच्या जवळ लोखंडी स्क्रू नको, असतील ते पितळी राहू द्या, आणि कॉइल फिरवून बसवू नका, कोन मुद्दाम ठेवलेला असतो. झेनर काढा असं पुष्कळ लोक सांगतील. राहू द्या. तो ट्वीटर नाजूक आहे, घरात टीनएजर आहे असं मुलाच्या व्हिडिओवरून दिसतंय.

आणि ती तेलकट डबी हातमोजे घालून काढा. अमेरिकेत पीसीबीच्या (जुन्या कंडेन्सरच्या तेलातलं विषारी रसायन) उत्पादनावर १९७९ ला बंदी आली, तुमचा माल १९७८ चा. डबीवर "नो पीसीबी" छापलेलं असेल तर उत्तम, नसेल तर आहे असंच समजायचं. कापायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून तुमच्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्यायची. आमच्या दुकानात आम्ही असल्या डब्या फोडून तेल बघायचो, तेव्हा अक्कल नव्हती.

---

प्रतिसाद ४

माझ्याकडे हेरेसी (क्लिप्शचेच छोटे स्पीकर) आहेत १९८१ चे. कॅपॅसिटर बदलल्यावर पहिले आठ दिवस फार कडक वाटलं होतं, झांजा कानात टोचायच्या. मला वाटलं चूक झाली. खरं तर आधी ट्वीटर अर्धवट झोपलेला होता, तो जागा झाला एवढंच. घाबरून लगेच जुने परत घालू नका.

---

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

अपडेट द्यायचा राहिला, माफी असावी. सहाही बदलले. १० आणि ३ समांतर. डब्यांवर काहीच छापलेलं नव्हतं, म्हणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून केंद्रावर देऊन आलो, तिथल्या बाईंना "हे काय" म्हटल्यावर समजावता समजावता माझीच परीक्षा झाली.

एक घोळ केला. उजवीकडे सोल्डर करताना एक सांधा कच्चा राहिला, पेनाच्या टोकाएवढा करडा गोळा, वरून जोडल्यासारखा दिसणारा. ट्वीटर मधेच यायचा मधेच जायचा. मी आठ दिवस नव्या कॅपॅसिटरना दोष देत बसलो. शेवटी लाकडी चमच्याने एकेक सांधा हळूच ठोकून बघितला तेव्हा सापडला, पुन्हा गरम करून नवीन सोल्डर दिलं.

फरक? खरं सांगू, वायर ३ वरून ४ ला नेली तेव्हा जो झाला त्याच्या पावपट. पण तानपुऱ्याची जवारी आता दोन्ही बाजूंनी येते, आधी उजवीकडे नुसता घुमारा होता. झांजा टोचतात थोड्या, प्रतिसाद ४ म्हणतात तशा, थांबून बघतो.

आता नवीन मागणी आलीय. भोंग्यांचं तोंड तिच्या योगा मॅटकडे होतं, तर उजवा जरा कमी करता येईल का असं बायको विचारतेय. काका, साडेसहाचे कॅपॅसिटर मागवू की मॅट हलवायला सांगू?

---

प्रतिसाद २ (पुणे)

मॅट तुम्ही स्वतः हलवा. तिला सांगू नका.