अनकॉन्फरन्समध्ये चर्चा घ्यायचीय, पीपीटी नाही, काय तयारी करू?

रातराणी_ऑनकॉल:
नमस्कार मंडळी, पुण्यात सॉफ्टवेअरवाल्यांचं एक अनकॉन्फरन्स होतंय, म्हणजे वक्ते वगैरे काही ठरलेले नाहीत, सकाळी भिंतीवर कोरं टाइमटेबल लावणार आणि ज्याला विषय मांडायचाय त्याने चिठ्ठी चिकटवायची. मला ऑनकॉलवर, म्हणजे रात्रीअपरात्री सिस्टम बिघडली तर धावायच्या ड्युटीवर, चर्चा घ्यायचीय. रात्री अलर्ट वाजला की उठतं कोण, त्याची भरपाई मिळते का, घरच्यांचं काय होतं, हे सगळं. ४५ मिनिटं मिळतील. स्लाइड्स घेऊन बोलायची सवय आहे मला, पण इथे बोलणार लोक. कोणीच तोंड उघडलं नाही तर? एखादा थांबेचना तर? आणि एकाच कंपनीतले मॅनेजर आणि ज्युनियर समोरासमोर आले तर ज्युनियर काय कप्पाळ बोलणार? अशी सेशन्स घेतलेल्यांनी प्लीज सांगा.

कट्टेकरी:
सुरुवात चिठ्ठीपासून करा. नुसतं 'ऑनकॉल' लिहिलंत तर लोक ऐकायला येतील, 'रात्री तीनला उठलेल्याने सकाळी दहाच्या स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला) यायचं का?' असं लिहिलंत तर भांडायला येतील, आणि तुम्हाला तेच हवंय. कोणी बोलत नाही यावर हमखास चालणारा उपाय म्हणजे आधी एक मिनिट सगळ्यांनी गप्प बसून आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं, मग दोन जोड्या मिळून चौघांत, आणि त्यानंतरच सगळ्यांसमोर. याला १-२-४-ऑल म्हणतात. तोवर प्रत्येकाचं तोंड एकदा उघडलेलं असतं, त्यामुळे पुढे फार ढकलावं लागत नाही. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर लगेच स्वतः उत्तर द्यायला जाऊ नका, मनात दहापर्यंत मोजा, कोणीतरी बोलतंच. आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मराठी, हिंदी, इंग्लिश काहीही चालेल, पुण्यात निम्मे लोक इंग्लिशच्या धास्तीने गप्प असतात, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

आडवाटेने:
थांबेचना असा माणूस प्रत्येक सेशनला असतो, धरूनच चाला. तुम्ही सांगताय ती कोऱ्या टाइमटेबलची पद्धत म्हणजे ओपन स्पेस, ती हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये सुरू केली, कॉन्फरन्समध्ये खरी चर्चा कॉफीच्या सुट्टीत रंगते हे बघून. त्यांचा एक नियम आहे, दोन पायांचा: जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही तिथून उठून दुसरीकडे जा. हा सुरुवातीलाच मोठ्याने सांगा, लोक उठून गेले तर वाईट वाटून घेऊ नका, उरलेले मनापासून बसलेले असतात. आता बोलघेवड्याचं. त्याचं वाक्य संपायची वाट बघू नका, तो श्वास घेईल तेव्हा नाव घेऊन म्हणा, 'हा मुद्दा मी लिहून घेतला, याच्या उलट अनुभव कोणाला आहे?' यात त्याचा अपमान होत नाही. वीसच्या वर लोक असतील तर फिशबोल करा, मध्ये पाच खुर्च्या, चारांवर लोक, एक रिकामी. बोलायचं असेल त्याने रिकाम्या खुर्चीत येऊन बसायचं, मग आधीच्या चौघांपैकी एकाने उठून बाहेर जायचं. दहाबारा जण असतील तर मात्र नका करू, उगाच नाटकी वाटतं.

चिमणचारा:
मॅनेजरवाल्या मुद्द्यावर लोक चॅटम हाऊस रूल सुचवतील, म्हणजे इथे ऐकलेलं बाहेर वापरा पण कोण बोललं ते सांगू नका. १९२७ पासूनचा नियम आहे, चांगलाच आहे, पण तुझ्या इथे तो पुरणार नाही गं, कारण साहेब खोलीतच बसलेत, त्यांना बाहेरून कळायची गरजच नाही. त्यापेक्षा सगळ्यांना सारख्याच चिठ्ठ्या आणि सारखीच पेनं दे, 'ऑनकॉलमधली उघड न बोलली जाणारी एक गोष्ट' लिहायला सांग, गोळा करून मिसळ आणि तूच वाचून दाखव. नाव कोणी विचारायचं नाही. मी हे करते तेव्हा सीनियर लोकांच्या चिठ्ठ्यांमध्येही तीच रड निघते, आणि मग ज्युनियर आपणहून बोलायला लागतात.

रातराणी_ऑनकॉल:
चिठ्ठ्यांचं फारच आवडलं, हे करणारच. नोट्स कोण घेणार पण? मी बोलू, ऐकू की लिहू?

कट्टेकरी:
तुम्ही अजिबात लिहू नका. सुरुवातीलाच एखाद्याला मार्कर देऊन फ्लिपचार्टपाशी (स्टँडवरच्या मोठ्या कागदांपाशी) उभं करा, सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, म्हणजे 'मी असं म्हटलंच नव्हतं' हे तिथल्या तिथे दुरुस्त होतं. शेवटची सातआठ मिनिटं राखून ठेवा आणि प्रत्येकाला एवढंच विचारा की सोमवारी ऑफिसात काय करून बघणार. आणि हो, निघायच्या आधी फ्लिपचार्टचा फोटो काढा, पुढच्या सेशनवाले तो कागद उलटतात.