किनाऱ्यालगत सेसना १७२ या एकाच इंजिनाच्या छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर?

खाडीवारा: रत्नागिरी ते मालवण, ३००० फूट, समुद्रावरून. इंजिन गेलं तर किनारा गाठता येईल का? पाण्यावर उतरायचंच झालं तर कसं?

उंचमाथा: आधी नाक खाली, वेग ६५-६८ नॉट. वारा नसेल तर हजार फुटांमागे साधारण दीड सागरी मैल, म्हणजे तुमच्याकडे साडेचार. समोरून मतलई वारा असेल तर त्याहून कमी. इंधन दोन्ही टाक्यांवर, मिक्श्चर रिच (हवेत इंधनाचं प्रमाण जास्त), मॅग्नेटो (ठिणगीला वीज पुरवणारा भाग) तपासा. जुन्या कार्ब्युरेटरच्या (हवा-इंधन मिसळणाऱ्या भागाच्या) १७२ मध्ये कार्ब हीट, म्हणजे त्यात गरम हवा सोडणारी खुंटी, लगेच ओढा. आपल्या दमट हवेत उकाड्यातही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. मग रेडिओच्या १२१.५ या आणीबाणीच्या वारंवारतेवर 'मेडे' ही संकटाची हाक, आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाचा संकेत देणारं यंत्र) आणीबाणीचा कोड ७७००.

दर्यावर्दी: ओहोटीची ओली, घट्ट पुळण मिळाली तर सोनंच. पण कातळकड्याखालच्या खडकांपेक्षा पाणी बरं. लाटांची मोठी रांग दिसते तिला समांतर उतरा, आडवे घुसू नका. वारा जोरदार असेल तरच वाऱ्याच्या तोंडावर. मच्छीमार होडीजवळ उतरा, तिच्या वाटेत नको.

उंचमाथा: टेकण्याआधी दारांच्या कड्या उघडा, नाहीतर चौकट वाकून दार अडकतं. चाकं आत जात नाहीत, त्यामुळे ती पाण्यात रुतून विमान उलटू शकतं. विमान थांबलं की एक हात दाराच्या कडीवर ठेवा, मगच पट्टा सोडा. लाइफ जॅकेट आधीपासून अंगात हवं, पण बाहेर पडल्यावरच फुगवा. आत फुगवलं तर छताला चिकटाल.

खाडीवारा: म्हणजे ५००० फुटांवरून, किनारा धरूनच. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ घरच्यांनाही देतो.